योग्य ते गृहीत धरून

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर सूचनांची एक लहानशी यादी छापलेली असते. लॉगॅरिदमची कोष्टकं, स्लाइड रूल, मोलियर चार्ट, खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणि स्टीम टेबल वापरायला परवानगी आहे, असं त्यातली एक सूचना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. स्लाइड रूल ही सतराव्या शतकातली वस्तू. विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने ती घडवली आणि पुढची तीनशेहून जास्त वर्षं पूल, बोगदे, विमानं तिच्याच आधाराने मोजली गेली. १९७२मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत ती कपाटात गेली. आज परीक्षेच्या बाकावर बसणाऱ्या बहुतेक मुलांनी ती पाहिलेलीही नसते.

याच यादीत, बहुधा अगदी शेवटी, आणखी एक सूचना असते : गरज पडल्यास योग्य ती माहिती गृहीत धरावी.

मुलं ही ओळ वाचत नाहीत. पेपर हातात पडल्यावर नजर थेट पहिल्या प्रश्नावर जाते. पण इंजिनिअरचं पुढचं सगळं आयुष्य या ओळीत जातं. खऱ्या कामात माहिती कधीच पूर्ण मिळत नाही. मुरूम कुठे संपतो आणि काळी माती कुठे सुरू होते, पुढच्या पन्नास वर्षांत या गच्चीवर एका वेळी किती माणसं उभी राहतील, कंत्राटदार आणणार ती वाळू धुतलेली असेल की नाही, हे कुणी लिहून देत नाही. जे माहीत नाही त्याच्या जागी काहीतरी धरावं लागतं, आणि धरलेलं योग्य आहे की नाही हे कळण्याइतकी समज अंगात मुरलेली असावी लागते. ती समज वर्गात सुरू होते, साइटवर पक्की होते. आणि मधल्या एका टप्प्यावर, सत्राच्या शेवटच्या त्या धावपळीच्या दिवसांत, तिच्या मुळाशी पहिल्यांदा हात पोचतो.

त्या दिवसांना पीएल म्हणतात. प्रिपरेशन लीव्ह. पण पीएल लागण्याआधी सबमिशनचा आठवडा ओलांडावा लागतो. सत्रभर रेंगाळलेली जर्नलं रात्रीतून पुरी होतात. काचेखाली दिवा लावून, वर कोरा कागद ठेवून शीट उतरवायची, म्हणजे जीटी मारायची, ही कला सीनियरकडून ज्युनियरकडे जाते. सरांच्या केबिनबाहेर सह्यांसाठी रांग लागते. मग ओरल. बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल विचारतात, ‘पॉयझन्स रेशो म्हणजे काय?’ व्याख्या पाठ असते. ‘मग बुचाचा किती?’ हा पुढचा प्रश्न पाठ नसतो. बुचाचा जवळजवळ शून्य. दाबलं तरी ते बाजूला फारसं फुगत नाही, म्हणूनच बाटलीच्या तोंडात सहज जातं. हे उत्तर ज्याला तिथे बसल्याबसल्या सुचतं, तो बाहेर येऊन मित्रांना सांगितल्याशिवाय राहत नाही.

सबमिशन संपलं की शहराच्या काही भागांचा चेहरा बदलतो. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता इथल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं वर्षभर असतातच. त्यांच्या शेजारी आता इंजिनिअरिंगची मुलं येऊन बसतात. कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत चार जणांत एक टेबल. एक लातूरचा, एक जळगावचा, एक सांगलीकडचा. मेसच्या डब्याची वेळ चुकते, रात्री टपरीवर चहा आणि सकाळी पोहे. गावाहून आईचा फोन येतो, ‘जेवलास का रे? आणि पेपर कधी सुटणार?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोटं असतं, दुसऱ्याचं खरं.

आणि झेरॉक्सची दुकानं. तिथे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे स्पायरल बाइंडिंग करून तयार असतात.

पुण्याच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये पहिल्या दोन युनिटांची ३० गुणांची इन-सेम आधीच होऊन गेलेली असते. एंड-सेम उरलेल्या चार युनिटांवर, ७० गुणांची, अडीच तासांची. दर युनिटावर दोन प्रश्न, त्यांतला एक सोडवायचा. मुलांचा हिशेब इथूनच सुरू होतो. कोणतं युनिट सोडता येईल, कोणत्या प्रश्नाला ‘व्हीआयएमपी’ म्हणायचं, कोणता चार वेळा आलाय म्हणजे आता येणार नाही. या हिशेबाला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या मुलाच्या मागे एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, लटकलेला आहे आणि घरी कर्जाचा हप्ता आहे, त्याला तो करावाच लागतो. वायडी (इयर डाउन) लागणं म्हणजे एक वर्ष आणि एका वर्षाची फी.

तरीही त्या गठ्ठ्यात एक प्रश्न असतो, जो जवळजवळ दरवर्षी परत येतो आणि ज्याला कुणी फारसा मान देत नाही. विषय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, जुन्या पिढ्यांचं एसओएम; पुण्याच्या २०१९च्या पॅटर्नमध्ये त्याचं नाव मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स. प्रश्न असा : सिंपल बेंडिंगच्या सिद्धान्तातली गृहीतकं लिहा. चार-पाच गुण. मुलं तो पाठ करतात, कारण त्यात आकडेमोड नाही. पदार्थ सर्वत्र एकसारखा आहे, हूकचा नियम पाळतो, ताण आणि दाब या दोन्हींत त्याचा यंग्ज मोड्युलस सारखाच आहे, वाकण्याआधी सपाट असलेले छेद वाकल्यानंतरही सपाटच राहतात. ओळीखाली ओळ, प्रत्येकीला एक गुण, पुढे चला.

पण एखाद्या खोलीत, रात्री अकराच्या सुमाराला, कुणीतरी विचारतं, ‘सपाट राहतात म्हणजे नेमकं काय?’ आणि अभ्यासाला खरी सुरुवात होते.

त्यासाठी एक लांबट खोडरबर पुरतं. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारायच्या, समान अंतरावर, आणि दोन्ही टोकं धरून ते खाली पोट येईल असं वाकवायचं. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला लांब जातात. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की तिथलं अंतर बदलतच नाही. तो न्यूट्रल अ‍ॅक्सिस. आणि रेघा? त्या तिरप्या होतात, पण वाकड्या होत नाहीत. सरळच्या सरळ राहतात. म्हणजेच न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासून दूर जाताना लांबीतला बदल सारख्या प्रमाणात वाढत जातो. हूकचा नियम लावला की स्ट्रेसही त्याच प्रमाणात. पाठ केलेली दोन वाक्यं एकमेकांना भेटतात आणि त्यांच्यातून एम बाय आय बरोबर सिग्मा बाय वाय बरोबर ई बाय आर हे सूत्र बाहेर येतं. ते आता फळ्यावरून उतरवलेलं नसतं. ज्याला त्या रात्री हे दिसतं, तो त्यानंतर सूत्र विसरला तरी खोडरबर घेऊन ते पुन्हा उभं करू शकतो.

हे दिसायला माणसाला किती वेळ लागला, हा इतिहास अभ्यासक्रमात नसतो, आणि तो असायला हवा. गॅलिलिओने १६३८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा, म्हणजे आजच्या कॅन्टिलिव्हरचा, विचार केला. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तो म्हातारा होता, नजरकैदेत होता, डोळे गेलेले होते. त्याने धरलं की तुळई मोडताना खालच्या कडेभोवती फिरते आणि छेदाच्या सगळ्या उंचीवर प्रतिकार एकसारखा असतो. या धरण्यामुळे आयताकृती तुळईची ताकद आजच्या सिद्धान्तापेक्षा तिप्पट निघते. त्यानंतर मारियॉत झाला, पॅरां झाला, कुलोम झाला. पॅरांने १७१३मध्ये बरोबर दिशा दाखवली, पण त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी नेव्हियरने १८२६मध्ये हा सिद्धान्त आज ज्या रूपात शिकवतात त्या रूपात मांडला, आणि तो मांडला पॅरिसमधल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांच्या पुस्तकात. १६३८ ते १८२६. एका गृहीतकाच्या जागी दुसरं, अधिक योग्य गृहीतक यायला १८८ वर्षं लागली. पाच गुणांच्या त्या प्रश्नात एवढं सामावलेलं आहे.

गॅलिलिओचं एक मात्र चुकलं नव्हतं. तुळईची ताकद तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने अचूक सांगितलं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बांधकामावर मिस्त्री ‘नऊ बाय अठराची बीम’ म्हणतो तेव्हा हेच बोलत असतो. नऊ इंच, म्हणजे ड्रॉइंगवरचे २३० मिलिमीटर, विटेच्या भिंतीत बीम लपावी म्हणून. आणि अठरा इंच, म्हणजे ४५० मिलिमीटर, ताकद हवी म्हणून. रुंदी दुप्पट केली तर दुप्पट, उंची दुप्पट केली तर चौपट. अभ्यासाच्या टेबलावरून उठून खिडकीतून समोरच्या अर्धवट इमारतीकडे पाहिलं, तर सगळ्या बीम उभट का आहेत हे त्या मुलाला आता वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या वर्षी आरसीसी डिझाइन येतं, आणि तिथे गृहीतकांना आकडे फुटतात. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय प्रमाणक. एम-२५ काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण व्याख्येचा उरलेला भाग पाहण्यासारखा आहे : चाचण्यांपैकी ५ टक्क्यांहून जास्त निकाल या आकड्याच्या खाली जाणार नाहीत, अशी अपेक्षा धरलेली आहे. म्हणजे काही निकाल खाली जातील, हे प्रमाणकाने उघडपणे मान्य केलं आहे. मग सावधगिरी म्हणून काँक्रीटची ताकद १.५ने भागायची, पोलादाची १.१५ने. पोलाद कारखान्यात, नियंत्रणाखाली तयार होतं. काँक्रीट उन्हात, वाऱ्यात, कुणाच्या तरी फावड्याने. दोन आकड्यांतल्या या फरकात माणसाच्या हाताचा विचार आहे. हे ज्याला कळलं त्याला ते दोन आकडे पाठ करायची गरज उरत नाही.

तसंच भारांचं. राहत्या घराच्या खोलीत दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, साधारण २०० किलो, धरा, असं आयएस ८७५चा दुसरा भाग सांगतो. बाल्कनीत ३, कारण मिरवणूक जाताना लोक बाल्कनीत गर्दी करतात, खोलीत करत नाहीत. शाळा-कॉलेजच्या वर्गातही ३. परीक्षेला बसलेला विद्यार्थी, त्याचा बाक, त्याच्या शेजारचे बाक, फेऱ्या मारणारे सुपरवायझर, या सगळ्यांखालचा स्लॅब कुणीतरी आधी कागदावर याच सूत्राने सोडवलेला असतो. त्या कुणीतरीनेही कधी काळी पीएलमध्ये रात्र जागवलेली असते, आणि आज अडीच तास ती इमारत त्याच्या अभ्यासावर उभी असते.

खोलीत अशा वेळी सर्वांत उपयोगी पडतो तो डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षात आलेला मुलगा. एम-थ्रीला तो घाबरतो. बारावीचं गणित झालेलं नसतं. पण सुट्ट्यांत त्याने साइटवर काम केलेलं असतं. पुस्तकात टेकूचं चित्र काढलेलं असतं, एका बाजूला त्रिकोण, दुसऱ्या बाजूला रोलर. त्याने खऱ्या बीमची टोकं पाहिलेली असतात. तो सांगतो, ‘अरे, असा मोकळा सपोर्ट आपल्याकडे दिसतच नाही. कॉलममध्ये सळ्या शिरलेल्या असतात, सगळं एकत्र ओततात. पूर्ण फिक्सही नाही, पूर्ण मोकळंही नाही.’ मग बेंडिंग मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट की बाय ट्वेल्व्ह, हा फक्त सूत्राचा प्रश्न राहत नाही. कोणतं धरायचं आणि का, असा तो होतो. बारावीत नव्वद टक्के मिळवलेली मुलं त्याचं ऐकतात, आणि बदल्यात त्याला एम-थ्री शिकवतात. पहाटे दोनला चाललेली ही देवाणघेवाण कुठल्याही वेळापत्रकात नसते. तिच्यातून जेवढं शिक्षण होतं तेवढं पुष्कळदा सत्रभराच्या तासांतूनही होत नाही.

पुण्यात बसून हे शिकण्याला आणखी एक अर्थ आहे. इथल्याच कॉलेजमधून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३मध्ये इंजिनिअर होऊन, परीक्षेत पहिले येऊन बाहेर पडले, आणि वीस वर्षांनी, १९०३मध्ये, त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर बसले. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला पानशेतचं मातीचं धरण होतं. काम पूर्ण झालेलं नसताना १९६१च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. १२ जुलैला ते फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्या पेठांत आज अभ्यासिका आहेत, त्यांतल्या काहींच्या भिंतींनी ते पाणी पाहिलेलं आहे. अपुऱ्या कामानिशी हा पावसाळा निभेल, हेही एक गृहीतकच होतं. ते कोणाचं आणि का, यावर पुढे चौकशा झाल्या. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने त्या गोष्टीकडे पेपरात येणार नसली तरी पाहिलं पाहिजे.

म्हणूनच तयार उत्तरांची पुस्तकं वाचताना खंत वाटते. त्यांच्यात कष्ट आहेत, नापास होणाऱ्या कितीतरी मुलांना त्यांनी तारलं आहे, हे नाकारता येणार नाही. पण त्यांत गणित सुटलेलं असतं ते सगळं धरून झाल्यानंतरचं. यंग्ज मोड्युलस दोन गुणिले दहाचा पाचवा घात धरला, असं एका ओळीत येतं आणि पुढे आकडे सुरू होतात. तो पोलादाचा आहे, काँक्रीटचा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका, आणि लाकडाचा त्याहूनही कमी, हे तपासायची वेळच मुलावर येत नाही. विचार करण्याची जी एक जागा होती, ती छापून भरलेली असते. परीक्षेची रचनाही त्याला हातभार लावते. प्रश्नात जवळजवळ सगळी माहिती दिलेली असते, त्यामुळे योग्य ते गृहीत धरण्याची सूचना माथ्यावर राहते आणि खाली तिचं काही काम नसतं.

उपाय अवघड नाही. दर पेपरात एक गणित असं असावं की ज्यात एक महत्त्वाचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. विद्यार्थ्याने तो धरावा, आणि का धरला ते दोन ओळींत लिहावं. आकड्याला एक गुण, कारणाला दोन. मॉडेल आन्सरमध्ये एका उत्तराऐवजी एक पल्ला द्यावा लागेल, तपासणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागेल, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज कदाचित वाढतील. तरी ते करण्यासारखं आहे. कारण चौथ्या वर्षानंतर, पहिल्या साइटवर, त्या मुलासमोर येणारं प्रत्येक गणित तसंच असणार आहे, आणि तिथे कारण विचारायला परीक्षक नसेल.

कधीकधी असं गणित पेपरात चुकूनमाकून येतंही. एका बीमवर विटांची भिंत आहे, भिंतीची उंची आणि जाडी दिलेली आहे, बीमचा स्पॅन दिलेला आहे. विटांच्या बांधकामाचं वजन मात्र दिलेलं नाही. हॉलमध्ये कुजबुज होते. कुणी हात वर करून विचारतं, सुपरवायझर कंट्रोल रूमला विचारून येतात आणि सांगतात, ‘पेपर आहे तसाच आहे, सोडवा.’ काही जण पर्यायी प्रश्नाकडे वळतात. काही जण थांबतात, आठवतात, आणि एक आकडा लिहून पुढे जातात. पुरवण्या बांधल्या जातात, घंटा होते.

त्यानंतरचा खरा पेपर पार्किंगमध्ये होतो.

‘तू किती धरलंस?’

‘घनमीटरला १९ किलोन्यूटन.’

‘मी २०. काँक्रीटचं २५ असतं, वीट त्याच्यापेक्षा हलकी, म्हणून २०.’

‘आणि भिंत एएसी ब्लॉकची असली तर? ते याच्या निम्म्याइतकंही भरत नाही.’

‘प्रश्नात वीट म्हटलंय.’

गाड्यांवर बसून, हेल्मेट हातात धरून, सात-आठ जण वाद घालतात. दोन दिवसांवर फ्लुइड मेकॅनिक्स आहे, त्याचं अजून कुणी पान उघडलेलं नाही, तरी कुणी हलत नाही. शेवटी डिप्लोमावाला मोबाइल काढतो आणि ज्यांच्या हाताखाली त्याने सुट्टीत काम केलं होतं त्या साइट सुपरवायझरना लावतो. स्पीकरवर मागून मिक्सरचा आवाज येत असतो. ‘काका, विटेचं वजन साधारण किती धरायचं?’ पलीकडून लगेच प्रश्न येतो, ‘कोरडी का भिजवलेली?’

साधी वीट स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषते, हे बिल्डिंग मटेरियल्सला सगळ्यांनी लिहिलेलं असतं. १९ म्हणणारा आणि २० म्हणणारा, दोघंही गप्प होऊन कॅल्क्युलेटर काढतात. कुणाच्या तरी वहीचं शेवटचं पान उघडतं, बीमची रेघ पुन्हा ओढली जाते, आणि पावसाळ्यात भिंत भिजेल तेव्हा मधल्या छेदावर बेंडिंग मोमेंट किती वाढेल याचं गणित गाडीच्या सीटवर नव्याने सुरू होतं.